स्लो गाडीने ये

चि. भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी वाचली. गेटवे, घारापुरी, हाजीअली, सिद्धिविनायक, जुहू, सी लिंक, कुलाब्याची खरेदी, फिल्मसिटी, वांद्र्याला दोन नटांचे बंगले, आणि सगळ्यात खाली 'लोकलचा प्रवास, जमल्यास'. मुक्काम चार दिवसांचा. काकांनी यादी वाचली, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "ही सुट्टीवर येतेय की इन्स्पेक्शनला?"

पाठोपाठ तुझ्या आईचा फोन. ताईच्या मते मुंबईत पाकीट मारतात, रस्ता ओलांडू देत नाहीत आणि लोकलमध्ये बायका ढकलतात. पहिल्या दोन गोष्टींवर मी वाद घातला नाही. तिसरीबद्दल म्हटलं, ढकलतात हे खरं, पण आत ढकलतात. मागचीचा रेटा असतो म्हणून पुढची गाडीत चढते. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

तर आता माझं ऐक. 'जमल्यास' लिहिलेली ओळ मी यादीत सगळ्यात वर घेतलीय. डोंबिवलीला राहायला येतेस, लोकलशिवाय उंबरठा ओलांडून जाणार कुठं? आणि लोकलसुद्धा फास्ट नाही. स्लो. इथं वेळ कुणाकडेच नसतो. सकाळी अंगठा लावायचा असतो, संध्याकाळी मुलाला पाळणाघरातून उचलायचं असतं, म्हणून माणसं तीन मिनिटं वाचवायला जिना उतरताना धावतात. पाहुण्याला ना अंगठा, ना पाळणाघर. मुंबईत कुणालाही न परवडणारी चैन तुझ्या पर्समध्ये असणार आहे, ती यादीच्या मागे धावण्यात उडवू नकोस.

देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढलंस ते चांगलं केलंस. पहाटे कल्याणलाच उतर. सीएसएमटीपर्यंत जाऊन उलट डोंबिवलीला येण्याचा पराक्रम तुझ्या मामाने केला होता, आणि वर 'मुंबई बघून आलो' असं सांगितलं होतं. काका कल्याणला फलाटावर येतील. त्यांना डब्याचा नंबर आदल्या रात्रीच कळव, नाहीतर ते इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत फेरी मारतात आणि मग दिवसभर गुडघा चोळत बसतात.

घर तुला माहीतच आहे, वन बीएचके. पाणी सकाळी तासभर येतं. त्या तासात आंघोळी, कपडे, पिंप भरणं आणि वरच्या मजल्यावरच्या आजींचा "तुमच्याकडे आलं का?" हा प्रश्न, सगळं उरकतं. त्यामुळे परभणीसारखं आठला उठून अंगणात ब्रश फिरवत बसणं चालणार नाही. गादी उठल्याबरोबर दिवाणाखाली गेली पाहिजे, कारण तिच्या जागेवर नाश्ता करायचा असतो. यात कुणी रागावत नाही, फक्त तुझ्या अंगावरून पाय टाकून जातात.

पहिल्या दिवशी सकाळच्या गर्दीत जाऊ नकोस. साडेदहा-पावणेअकरापर्यंत सगळी गर्दी मुंबईच्या दिशेनं वाहत असते आणि संध्याकाळी साडेचारनंतर तीच उलट फिरते. तू अकराच्या सुमाराला निघ आणि एकतर चारच्या आत परत फिर, नाहीतर रात्री नऊनंतर. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो गाडी बघ, म्हणजे खिडकी मिळेल. कल्याणहून येणाऱ्या गाडीत खिडकीचं नाव काढू नकोस. इंडिकेटरवर गाडी कुठवर जाणार, स्लो की फास्ट आणि किती डब्यांची हे तिन्ही वाचायचं. बारा डब्यांची गाडी असली आणि तू पंधरा डब्यांच्या जागेवर उभी राहिलीस, तर गाडी तुझ्यापासून चांगली लांब थांबते आणि मग तुझी धावपळ सगळा फलाट आवडीनं बघतो. परतीचं तिकीट जातानाच काढ. सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं. एवढ्या पैशांत दुसरं काही मिळत असेल तर मला सांग.

एक सावधगिरी. फलाटावर एखाद्या ठिकाणी माणसं कमी आणि जरा इस्त्रीतली दिसली की 'अरे वा, इथं मोकळं आहे' असं म्हणून उभी राहू नकोस. तिथं फर्स्ट क्लासचा डबा येतो. टीसीला तुझा नवखेपणा दिसेल, पण पावती तो तरीही फाडेल.

लेडीज डब्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण माझी नोकरी फोर्टात झाली असली तरी आयुष्य त्या डब्यात गेलं. चढल्यावर परभणीच्या सवयीनं तू "कुठल्या हो तुम्ही?" असं विचारशील. इथं विचारतात, "कुठं उतरणार?" आणि त्यात ओळख वाढवायचा हेतू नसतो. बसलेली बाई ज्या स्टेशनला उतरणार, त्या स्टेशनपासून ती जागा विचारणारीची. एकीनं "घाटकोपर" म्हटलं की तिची जागा बुक झाली. मग दुसरी कुणी विचारायला आली तर बसलेलीच सांगते, "त्यांना दिलीय." ना पावती, ना साक्षीदार, पण हा व्यवहार सहसा मोडत नाही. तुला कुणी विचारलं तर खरं स्टेशन सांग. गंमत म्हणून 'सीएसएमटी' सांगून दादरला उठलीस तर ज्या नजरा मिळतील त्या परभणीपर्यंत पुरतील.

तिघींच्या बाकावर चौथी बसते. ती बसते म्हणजे टेकते. तिघींनी थोडं थोडं सरकायचं असतं, न सरकणारीला बोल ऐकावा लागतो. उतरायचं स्टेशन येण्याआधी दोन स्टेशनं उठायचं, पुढच्या बाईला "दादर का?" विचारायचं. ती हो म्हणाली तर तिच्या मागे गप्प उभं राहायचं, नाही म्हणाली तर जागा बदलून घ्यायची. फलाट कुठल्या बाजूला येणार तेही विचारून घे. यातला एक जरी टप्पा चुकला तर दादरला उतरणारी माणूस परळला उतरते.

आणि दारात उभं राहायचं नाही. याच्यावर मी विनोद करणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली आणि जीव गेले. गाडी सोडावी लागली तर सोड, पाच मिनिटांत दुसरी येते.

डब्यातला बाजार बघ. टिकल्या, क्लिपा, सेफ्टी पिना, नेलपेंट, कानातली, गॅसचा लायटर, शिवाय लहान मुलांची पाढ्यांची पुस्तकं. कानातल्यांचं अख्खं दुकान एका पुठ्ठ्यावर टोचलेलं असतं आणि तो पुठ्ठा वरच्या कडीला अडकवून विकणारी पुढं सरकते. पुठ्ठा बायकांच्या हातांतून डबाभर फिरतो. कोण कुठली जोडी काढते, आरशात बघते, परत लावते. शेवटच्या टोकाला पैसे गोळा होऊन उलट हातोहात परत येतात. मी कधी त्यातला रुपया कमी झालेला पाहिला नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या बारीकसारीक वस्तू या गाडीतच घेतलेल्या आहेत.

संध्याकाळच्या गाडीत भाजी निवडतात हे तू ऐकलं असशील. ते खरंच आहे. आमच्या ग्रुपमधली एक बाई मोसमात रोज मटार घेऊन चढायची. मांडीवर पिशवी, पिशवीत शेंगा, डब्यात दाणे. ठाण्यापर्यंत तिची बोटं बघत बसावं. अंगठ्याच्या नखानं शेंगेची शिवण उघडायची, एका फटक्यात दाणे डब्यात, साल पिशवीत, आणि तोंडानं सासूचं चाललेलं असायचं. कळव्याच्या वळणावर गाडी हलली की दोन-चार दाणे खाली सांडायचे आणि समोरची कॉलेजकन्यका मोबाइलवरची नजर न काढता ते वेचून डब्यात टाकायची. ना आभार, ना ओळख. जानेवारीत याच डब्यात हळदीकुंकू होतं, वाणसुद्धा लुटतात. दसऱ्याला डब्याला तोरण बांधतात. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग. ज्या दिवशी करडा असतो त्या दिवशी सगळ्यांची पंचाईत होते. १९९२ च्या ५ मे रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांसाठीची पहिली अख्खी गाडी सुरू झाली, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या पुरुषांनी खूप थट्टा केली होती. तीच माणसं नंतर लेडीज स्पेशल गेली की मागची रिकामी येते म्हणून खूश असत.

भांडणं होतात. दणदणीत होतात. मधे पडू नकोस. बहुतेक भांडणं मुलुंडला सुरू होऊन घाटकोपरला संपतात, कारण एकीचं स्टेशन येतं.

आता खिडकी. निवृत्त झाल्यावर स्लो गाडीनं खिडकीशी बसून गेले तेव्हा मुंब्र्याच्या डोंगरावरचं देवीचं देऊळ मला नीट दिसलं. नोकरीच्या काळात त्या जागी कायम कुणाची तरी पर्स असायची. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, हा टप्पा फोन न बघता घालव. मग खाडी ओलांडून ठाणं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथवरच आली होती. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे आणि चारशेच्या आसपास निमंत्रित. चारशे माणसं आता गर्दीच्या वेळी एकाच डब्यात असतात आणि इंजिनाला कुणी नाव ठेवत नाही.

ठाण्यानंतर स्टेशनं भराभर येतात. विक्रोळी-घाटकोपर म्हणजे आतल्या बायकांची उलथापालथ, बाहेर बघण्याची गरज नाही. माटुंग्याला मात्र मान वळव. मध्य रेल्वेचं हे स्टेशन २०१७ पासून पूर्ण बायका चालवतात, स्टेशनमास्तरपासून तिकीट तपासणीपर्यंत. ताईला हे जरूर सांग, तिला ढकलणाऱ्या बायकाच आठवतात. परळ, करी रोड, चिंचपोकळी ही गिरण्यांची स्टेशनं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो मिटला असं कुणीच कधी जाहीर केलं नाही. गिरण्यांच्या जागी आता काचेचे टॉवर आहेत. एखादी चिमणी अजून उभी दिसते, तेवढीच.

भायखळ्याला उतर. ही सूचना आहे, विनंती नाही. या स्टेशनची जुनी इमारत दुरुस्त केली आणि तिला २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत मान मिळाला, तरी रोज तिथून जाणाऱ्यांपैकी कितीजणांनी वर पाहिलं असेल देव जाणे. पूर्वेला चालत गेलं की राणीची बाग. तू पेंग्विन बघशीलच, २०१६ मध्ये ते आले तेव्हा वाघ-हत्तींपेक्षा जास्त चर्चा त्यांचीच झाली. मी तुला झाडं बघायला पाठवतेय. आणि बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ चं. आत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या पागोट्यांच्या, धंद्यांच्या छोट्या छोट्या मातीच्या प्रतिकृती आहेत. बाहेर एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तोच घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीज त्या बेटाला एलिफंटा म्हणू लागले. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो मोडला, पुढं तुकडे जोडून इथं उभा केला. तेव्हा घारापुरीला जाऊन हत्ती शोधणाऱ्यांना हसण्याचा अधिकार तुला भायखळ्याला मिळतो. बुधवारी जाऊ नकोस, बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. घारापुरी सोमवारी बंद. पण ती जमवच. गेटवेहून लाँचला तासभर लागतो आणि त्रिमूर्तीपुढं उभं राहिलं की पोटातली भेळ विसरायला होते.

सीएसएमटीला उतरल्यावर घाईनं बाहेर पळू नकोस. तिथून रोज लाखो माणसं जातात आणि प्रत्येकजण जमिनीकडे बघत जातो. तू रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभी राहा आणि वर बघ. मधल्या घुमटावर एक बाई उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. ती 'प्रगती'. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. आत गेलीस तर तिकीटखिडक्यांच्या हॉलमध्ये खांबांवर, कमानींवर पानं, पक्षी, प्राणी कोरलेत. कोरणारे हात इथल्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं हे स्टेशन बांधलं, १८८८ मध्ये पूर्ण झालं, आणि समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. एकाच माणसानं दोन घरं समोरासमोर बांधून ठेवली. त्यांत रोज नुसती धावपळ करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यानं काय म्हटलं असतं?

भूक लागली तर धोबीतलावला चालत जा. तिथलं कयानी हे इराणी हॉटेल १९०४ पासून आहे. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव सांग, चहात बुडव, आणि दात सांभाळ, ब्रूनची कड लागते. वेटरशी लाडीगोडी करू नकोस, तिथं ती रीत नाही. तो टेबलावर प्लेट आपटतो तो राग नव्हे.

पुढं बस. बेस्टच्या बसवर पुढच्या बाजूला नंबर मराठी आकड्यांत असतो, तुझी सोय आहे. अडचण बाहेरच्या पाहुण्यांची होते. घोड्यांची ट्राम १८७४ ला आली, शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली, ती काही मी पाहिली नाही. पण डिझेलची जुनी दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा मात्र काका अर्धा दिवस गप्प होते. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या बाकासाठी ते लग्नानंतरही मुलांशी स्पर्धा करायचे. आता विजेवर चालणाऱ्या एसी दुमजली बस आहेत. भाडं थोडं जास्त, वारा नाही, पण पुढचा बाक तोच. फोर्टातून नरिमन पॉइंटकडे जाणारी बघ आणि वर बस. कंडक्टरला 'मास्तर' म्हण आणि सुटे पैसे काढून ठेव. हजाराच्या नोटा गेल्या तरी त्यांचा सुट्यांचा आग्रह गेलेला नाही.

मरीन ड्राइव्हला संध्याकाळी कठड्यावर बस. शेंगदाणे घे. त्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर उतरून फोटो काढायचा नाही, शेवाळ असतं. याहून जास्त त्या जागेबद्दल सांगण्यासारखं नाही, ती बसण्यासाठीच आहे.

नटांचे बंगले मी खोडले. बंद फाटक आणि बाहेर उभी गर्दी बघायला मुंबईला यायची गरज नाही. परभणीत कलेक्टर ऑफिससमोर तेच दिसतं. फिल्मसिटी खोडली. सी लिंक रिक्षातून बघता येत नाही, तिथं रिक्षाला बंदी आहे. तसंही सायन-माहीमच्या दक्षिणेला रिक्षाच चालत नाही, तिथून पुढं काळी-पिवळी टॅक्सी. मॉलबद्दल मी काही बोलतच नाही.

त्यांच्या जागी दादर घाल, आणि अख्खा दिवस दे. दादरला आता फलाटांना सलग नंबर आहेत. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे एक ते सात आणि मध्यचे आठ ते चौदा. तरी काकांच्या पिढीतली माणसं अजून "सेंट्रलचा तीन नंबर" म्हणतात आणि नवखा माणूस पश्चिमेच्या तीनवर जाऊन उभा राहतो. तू पाटी वाच, माणसांचं ऐकू नकोस. सकाळी लवकर गेलीस तर फुलबाजार. झेंडूचे डोंगर, त्यावर पाणी शिंपडणारा पोरगा आणि डोक्यावर पाटी घेऊन "बाजू, बाजू" करत येणारे हमाल. 'बाजू' ऐकल्यावर मागे वळून बघायचं नसतं, सरळ बाजूला व्हायचं. मग रानडे रोड. साडीच्या दुकानापुढं फूटपाथवर त्याच रंगाचा परकर मिळतो, हे नियोजन कुणी केलं असेल ते ठाऊक नाही. वडापाव याच स्टेशनाबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी सुरू केला असं मानतात, तेव्हा तिथं उभ्यानं एक खा. बसून खाण्याचा पदार्थ नाही तो. बसायचं तर 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. दुपारी शिवाजी मंदिरला कुठलं नाटक लागलंय बघ. तिकीट मिळालं तर यादीतलं काहीही सोडून ते बघ. मध्यंतरात बटाटेवडा खाताना बाजूच्या आजी नाटकाचा दुसरा अंक कसा असायला हवा हे नाटककारापेक्षा खात्रीनं सांगतील. त्यांना अडवू नकोस.

तारखा पुढं-मागं होऊन सहा डिसेंबर मधे आला तर तेही चांगलंच. चैत्यभूमीला आपल्या मराठवाड्यातूनच किती माणसं येतात! शिवाजी पार्कवर त्या दिवशी पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि डोक्यावर बोचकं घेतलेली म्हातारी माणसंही पुस्तक हातात घेऊन किंमत विचारताना दिसतात. मी दरवर्षी तिथून पिशवी भरून आणते. रांगेत उभी राहा, पाय दुखू देत.

रस्ता विचारायचा तर कुणाला विचारायचं हेही शिकून ये. सॅक पोटावर घेतलेल्या माणसाला विचारू नकोस, तो सांगेल पण चालता चालता, आणि तुला त्याच्याबरोबर दुसऱ्याच दिशेला अर्धं स्टेशन चालावं लागेल. भाजीवाली, चांभार, वॉचमन, वर्तमानपत्राचा स्टॉल, ही बसलेली माणसं. विचारताना प्रस्तावना नको. "काका, जरा एक विचारायचं होतं, मी परभणीहून आलेय" एवढं होईपर्यंत त्यांची दोन गिऱ्हाइकं जातात. "काका, प्लाझा?" बस. ते हात दाखवतील. हात दाखवणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, पूर्ण उत्तर असतं ते. आणि नीट हरवलेली दिसलीस तर हाच माणूस दुकान शेजाऱ्यावर टाकून तुला कोपऱ्यापर्यंत सोडायला येईल, असंही होतं.

थंडीची चौकशी केली होतीस. स्वेटर आणू नकोस. डिसेंबरात एखाद्या सकाळी वीस डिग्रीच्या खाली पारा गेला की आमच्या सोसायटीत माणसं कानटोप्या घालून दूध आणायला उतरतात. त्यांच्यापुढं हसायचं नाही, एवढंच सांभाळ. छत्रीही नको. चप्पल मात्र चालायची आण, नवी नको.

येताना ज्वारीचं पीठ आण. इथं मिळतं, पण भाकरी थापताना कडेला चिरते आणि काका म्हणतात हात बिघडला. दोन किलोच आण. ताई दहा किलो बांधून देईल, नको म्हण. कल्याणचा जिना तुलाच चढायचाय. शेंगदाण्याची चटणी मात्र कितीही चालेल.

यादी दुरुस्त करून परत पाठव.

तुझी
मावशी

ता. क. रविवारी कुठंही जायचं नाही. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो आणि घरी मटार सोलायचे आहेत.